डिफेंडरनं गेमची फाइल उचलली, आता ऐकायचं कुणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून विकत घेतलेला एक छोटा इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय दोन-चार जणांनी बनवलेला, गेम तुमच्याकडे महिनाभर नीट चालत होता. परवा त्याचं अपडेट आलं आणि विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसनं त्याची मुख्य एक्सई फाइल, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, 'ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल' असं नाव देऊन क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंदिस्त कोठडीत, टाकली. त्याच आठवड्यात दुसऱ्या गेमसाठी उतरवलेल्या मॉडची (गेममध्ये बदल करणाऱ्या, इतरांनी बनवलेल्या जोडणीची) डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल, 'हॅकटूल' म्हणून अडली. मित्रानं पेनड्राइव्हवर दिलेला तिसरा, क्रॅक केलेला म्हणजे विकत न घेता चालावा म्हणून फोडलेला, गेम तर कॉपी होता होताच उडाला. गेम बनवणारे म्हणतात, 'फॉल्स पॉझिटिव्ह (खोटा अलार्म) आहे, फोल्डर एक्सक्लूड करा (तपासणीतून वगळा).' मित्र म्हणतात, 'डिफेंडर बंदच करून टाक.' व्हायरसटोटल या एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटवर पहिल्या फाइलला सत्तरेक इंजिनांपैकी, म्हणजे अँटिव्हायरसांपैकी, सहांनी लाल शेरा दिलाय. लॅपटॉप घरातला एकच, त्यावरच वडिलांचं नेटबँकिंग चालतं. आणि तुम्ही विचारताय की अँटिव्हायरस चुकतोय का?

पहिल्या फाइलबद्दल बहुतेक हो. दुसरीबद्दल तो चुकत नाहीये, पण तुम्हाला वाटतंय ते तो म्हणतही नाहीये. तिसरी मात्र कृपा करून परत आणू नका. तिन्हींना एकच उत्तर शोधताय म्हणून गोंधळ झालाय.

फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. संशयित फाइली तपासून त्या खरंच वाईट आहेत की नाहीत हे ठरवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि 'आमच्या गेमवर उगाच शेरा मारलात' ही त्या कामातली नेहमीची तक्रार. तिचा निकाल दोन्ही बाजूंनी लागताना पाहिलाय.

आधी डिफेंडरनं दिलेलं नाव वाचायला शिकू, कारण निम्मी माहिती तिथंच असते. सुरुवातीचा 'ट्रोजन' हा प्रकार, 'विन३२' म्हणजे फाइल कुठल्या प्रणालीसाठीची, 'वाकाटॅक' हे कुळाचं नाव, 'बी' हा त्यातला उपप्रकार. शेवटचं '!एमएल' सगळ्यात महत्त्वाचं. त्याचा अर्थ असा की ज्ञात व्हायरसचा ठसा जुळलेला नाही. मशीन लर्निंगच्या मॉडेलनं फाइलची ठेवण बघून 'ही वाईट फाइलींसारखी दिसते' असा अंदाज बांधलाय. दुसऱ्या कंपन्यांच्या नावांत 'जेन', 'जेनेरिक', 'ह्युर' असे तुकडे दिसले तर तेही साधारण याच जातीचे. अशा नावाचा अर्थ 'संशय आहे' एवढाच घ्यायचा. याउलट 'विडार', 'लुमा' असं पासवर्डचोराचं ठरावीक नाव आलं, तर ती फाइल हातात घेण्याआधी दहादा विचार करायचा.

मग गेमच्याच फाइली वारंवार का अडतात? पहिलं कारण पॅकिंग. गेम कुणी फोडू नये, चिटिंग करू नये, म्हणून बनवणारे एक्सई फाइल थेमिडा, व्हीएमप्रोटेक्ट यांसारख्या साधनांनी गुंडाळतात. छोटे लोक आकार कमी करायला यूपीएक्स नावाचं तसंच साधन वापरतात. आतला कोड बाहेरून वाचता येत नाही, फाइल चालू झाली की तो मेमरीत उलगडतो. व्हायरस लिहिणारेही हेच करतात आणि बऱ्याचदा याच साधनांनी. पुण्यात दुपारी दुचाकीवर स्कार्फ-गॉगल बांधलेले शेकडो चेहरे दिसतात. त्यातला साखळीचोर कोणता हे नुसत्या स्कार्फवरून सांगा म्हटलं तर पोलिसाची जी पंचाईत होईल, तीच इथं मॉडेलची होते.

दुसरं कारण नवखेपणा, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या फाइलचं खरं कारण हेच असावं. अँटिव्हायरस फाइलचा हॅश, म्हणजे तिचा गणिती ठसा, क्लाउडला पाठवून विचारतो : ही जगात किती यंत्रांवर आहे, कधीपासून आहे, कुणाच्या डिजिटल सहीची आहे? मोठ्या स्टुडिओचा गेम लाखो यंत्रांवर असतो, सहीही असते. दोन-तीन जणांनी मिळून केलेल्या इंडी गेमला सहीचं प्रमाणपत्र परवडत नाही, कारण त्याचे पैसे दरवर्षी मोजावे लागतात. त्यात प्रत्येक अपडेटला एक्सई बदलते, म्हणजे हॅश बदलतो आणि काल कमावलेली ओळख आज शून्यावर येते. तुमचा गेम महिनाभर चालला आणि अपडेटच्या दिवशी अडला, हे या चित्रात चपखल बसतं. नवा ठसा किंवा नवं मॉडेल सोडण्यापूर्वी अँटिव्हायरस कंपन्या ते चांगल्या फाइलींच्या मोठ्या साठ्यावर चालवून बघतात. त्या साठ्यात विंडोज, ऑफिस, ब्राउझर हमखास असतात. कालच आलेलं छोट्या गेमचं अपडेट तिथं असण्याची शक्यता नगण्यच.

तिसरं कारण, गेमशी संबंधित सॉफ्टवेअरचं वागणंच तसं असतं. ओव्हरले (गेमच्या वर माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची डीएलएल घुसवतो, ट्रेनर (गेममधले आकडे बदलून देणारं साधन) दुसऱ्याची मेमरी बदलतो, अँटिचीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ड्रायव्हर नावाचा खालच्या पातळीवरचा प्रोग्रॅम बसवतो. रायट या गेम कंपनीचं व्हॅनगार्ड हे अँटिचीट तर विंडोज सुरू होतानाच जागं होतं.

साठ्यात असलेल्या फाइलींवरही गफलती होतात, हेही सांगायला हवं. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरची यंत्रं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसली. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडरनं क्रोमसकट कितीतरी साध्या प्रोग्रॅमना 'हाइव्ह.झेडवाय' नावाचा धोका म्हणून दाखवलं. नवी व्याख्या, म्हणजे धोके ओळखायच्या यादीचं अपडेट, आली आणि प्रकरण निवळलं. तेव्हा 'मायक्रोसॉफ्ट कसं चुकेल' हा युक्तिवाद मनातून काढून टाका.

पण 'स्टीमवरचा गेम आहे, मग धोका कसला' हाही तसाच टाकाऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'पायरेटफाय' नावाचा गेम स्टीमवर रीतसर प्रसिद्ध झाला आणि त्यात पासवर्ड चोरणारा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, निघाला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं तो काढून टाकला आणि ज्यांनी चालवला त्यांना पूर्ण स्कॅन करा, विंडोज नव्यानं टाकायचाही विचार करा, असं कळवलं. २५ डिसेंबर २०२३ ला, ऐन नाताळात, 'स्ले द स्पायर' या गेमच्या 'डाउनफॉल' या नावाजलेल्या मॉडच्या लोकांचं खातं चोरांनी ताब्यात घेतलं आणि स्टीमच्याच अपडेटमधून थोडा वेळ मालवेअर वाटला. इथं मॉड बनवणारे प्रामाणिक होते आणि वापरणाऱ्यांनीही काही वेडंवाकडं केलेलं नव्हतं. म्हणून 'अपडेटनंतरच अडलं' ही खूण दुहेरी आहे : हॅश बदलल्यामुळे उठलेला खोटा अलार्म असू शकतो किंवा खरंच काहीतरी बदललेलं असू शकतं.

उलट बाजूही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'गॉडलोडर' नावाचा मालवेअर उघडकीला आणला. गोडो हे गेम बनवायचं मोफत इंजिन. त्याच्या डेटा फाइलमध्येच वाईट स्क्रिप्ट लपवून १७,०००हून जास्त यंत्रांना लागण झाली होती आणि जवळजवळ सगळे अँटिव्हायरस गप्प होते. लाल शेरा नाही म्हणून फाइल स्वच्छ, असंही धरून चालता येत नाही.

मग करायचं काय? लाल शेऱ्यांची मोजदाद करत बसण्यापेक्षा मी एकच गोष्ट धरून चालतो : माझ्या डिस्कवरची ही फाइल, तिच्या कर्त्यानं बाहेर सोडलेली तीच फाइल आहे का, आणि ते मला त्या कर्त्याच्या बोलण्यावर न विसंबता पडताळता येतं का? तुमच्या तीन फाइली इथं वेगळ्या होतात.

पहिली, स्टीमच्या गेमची एक्सई. ती क्वारंटाइनमध्येच राहू द्या. तिथं ती निरुपद्रवी असते आणि नंतर परत आणता येते. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडून अडवलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता वाचा. लोक हे वाचतच नाहीत. पत्ता 'स्टीमअ‍ॅप्स'च्या आतल्या 'कॉमन' फोल्डरमधला, त्याच गेमचा असेल तर ठीक. 'टेम्प' किंवा 'अ‍ॅपडेटा' या तात्पुरत्या आणि सेटिंगच्या फाइलींच्या फोल्डरमधला असेल आणि गेम चालवल्यावरच तिथं नवी फाइल उपटली असेल, तर गोष्ट गंभीर आहे. इंडी गेमनं तिथं एक्सई टाकायचं सहसा कारण नसतं.

पत्ता ठीक असेल तर डिफेंडरच्या व्याख्या अपडेट करा. मग स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि 'व्हेरिफाय इंटिग्रिटी'. गहाळ किंवा बदललेली फाइल स्टीम स्वतःच्या सर्व्हरवरून पुन्हा आणतं. नव्या व्याख्येनंतर ती अडली नाही, तर प्रश्न बहुधा मिटला. पुन्हा अडली, तर मी एक-दोन दिवस थांबतो. खोटा अलार्म असेल तर तोच गेम खेळणाऱ्या इतरांच्या तक्रारींनी तो बऱ्याचदा तेवढ्यात निघून जातो, आणि खरा असेल तर शेऱ्याचं नाव बदलतं : '!एमएल' जाऊन ठरावीक कुळ येतं, इतर इंजिनंही एकेक करून जागी होतात. घाई न करण्याचा हा सरळ फायदा. गेम दोन दिवसांनी खेळला तर काही बिघडत नाही.

व्हायरसटोटलचे ते सहा लाल शेरे कसे वाचायचे? आधी बघा, ती खरंच सहा स्वतंत्र मतं आहेत का. जी डेटा, एम्सिसॉफ्ट, आपल्या मुंबईची ईस्कॅन अशा बऱ्याच कंपन्या बिटडिफेंडरचं इंजिन आपल्या उत्पादनात वापरतात. म्हणून 'जेन:व्हेरिअंट' अशा एकाच नावाचे चार-पाच शेरे एका ओळीत दिसले, तर ते एकाच इंजिनाचं बोलणं समजायचं. त्या यादीत तुमच्या सहापैकी चार निघाले, तर हिशेब सहाचा न राहता तिनाचा होतो, आणि उरलेले दोनही 'एमएल' जातीचे असतील तर वजन आणखी कमी. त्याच पानावर फाइल पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख असते, सही आहे का तेही असतं. शिवाय अख्खी फाइल चढवायची गरज नसते. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून देते. तो शोधपेटीत टाकला की कुणीतरी आधी चढवलेल्या त्याच फाइलचा अहवाल मिळतो. स्वतःची खासगी कागदपत्रं मात्र तिथं कधीच चढवू नका, कारण तिथल्या फाइली सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना मिळतात.

दोन दिवसांनंतरही अडथळा कायम आणि बाकी सगळं स्वच्छ, तर मायक्रोसॉफ्टच्या पानावर फाइल तपासणीसाठी पाठवता येते. गेम बनवणाऱ्यांनाही तेच सांगा. खरा डेव्हलपर 'एक्सक्लूड करा' म्हणून थांबत नाही; कुठल्या कंपनीला कधी फाइल पाठवली ते सांगतो, त्या आवृत्तीचा हॅश देतो. नुसतं 'फॉल्स पॉझिटिव्ह आहे, दुर्लक्ष करा' हे वाक्य चोरही टाइप करू शकतो. डाउनफॉलच्या वेळी डेव्हलपरचं डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचं खातंही चोरांच्या हातात गेलं होतं, हे विसरू नका.

एक्सक्लूजन द्यायचंच ठरलं तर त्या एकाच फाइलला द्या आणि अलार्म निघून गेला की ते काढून टाका. अख्खं 'स्टीमअ‍ॅप्स' किंवा 'डाउनलोड्स' सूट देऊन मोकळे होणारे लोक मी सतत बघतो. सूट दिलेल्या फोल्डरमध्ये उद्या काहीही येऊन पडलं तरी तपासणी होत नाही, आणि मॉड नेमके तिथंच पडतात. डिफेंडर पूर्ण बंद करण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता दुसरी, मॉडची डीएलएल. 'हॅकटूल' हा शेरा 'हे साधन दुसऱ्याच्या कामात हात घालू शकतं' एवढंच सांगतो. मॉड लोडर (मॉड गेममध्ये भरणारा प्रोग्रॅम), ट्रेनर, चीट इंजिन (गेमची मेमरी बदलायचं साधन) यांच्याबाबतीत ते शब्दशः खरं आहे; त्यासाठीच तर तुम्ही ते घेताय. मार्च २०२५ मध्ये डिफेंडरनं 'विनरिंग०' नावाच्या ड्रायव्हरला हॅकटूल म्हणायला सुरुवात केली आणि पंख्याचा वेग किंवा आरजीबी दिवे सांभाळणारे प्रोग्रॅम अचानक अडले. लोकांनी फॉल्स पॉझिटिव्हची ओरड केली. प्रोग्रॅम निर्मळ होते, पण त्या ड्रायव्हरमध्ये जाहीर झालेली खरी भेग होती, जिच्यातून कुठलाही प्रोग्रॅम कर्नलपर्यंत पोहोचू शकला असता. हा धोका कल्पनेतला नाही. 'गेनशिन इम्पॅक्ट'चा अधिकृत, सही असलेला अँटिचीट ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) अँटिव्हायरस ठार करायला वापरल्याचं ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवून दिलं. त्यासाठी बळी पडलेल्याच्या यंत्रावर तो गेम असण्याचीही गरज नव्हती. चोर ड्रायव्हर सोबत घेऊन येत.

तेव्हा मॉडच्या बाबतीत उत्तर परिस्थितीवर आहे. मॉड मूळ पानावरूनच घेतलाय का, की यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून? यूट्यूबच्या लिंकवरून असेल तर विषय संपला, काढून टाका. मूळ पानावरचा असेल, सोर्स कोड (मूळ लिहिलेला कोड) सगळ्यांना बघायला उघडा असेल, बरेच महिने लोक वापरत असतील आणि शेरा फक्त 'हॅकटूल' असेल, तर मी स्वतःच्या खेळायच्या यंत्रावर तो चालवेन. पण जून २०२३ मध्ये माइनक्राफ्ट गेमच्या 'फ्रॅक्चरायझर' या मालवेअरच्या प्रकरणात कर्सफोर्जसारख्या मॉडच्या मान्यवर साइटवरचे मॉडसुद्धा बाधित निघाले होते, आणि तो मालवेअर यंत्रावरच्या इतर जार फाइलींतही (माइनक्राफ्टचे मॉड याच प्रकारच्या फाइलींत असतात) शिरत होता. म्हणून ज्या लॅपटॉपवर वडिलांचं बँकेचं काम चालतं, तिथं माझं उत्तर 'नको' असं आहे. निदान त्यांचं नेटबँकिंग दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर न्या, मग मॉडची हौस करा. लॅपटॉप ऑफिसचा असता तर मी एवढंही बोललो नसतो.

तिसरी, पेनड्राइव्हवरची. क्रॅक केलेला गेम म्हणजे एक्सई किंवा स्टीमची डीएलएल कुणीतरी बदललेली, मूळ सही तुटलेली, मूळ हॅश जुळणं शक्यच नाही. निरुपद्रवी क्रॅक आणि व्हायरस मिसळलेला क्रॅक, दोन्ही सारखेच अडतात. शेऱ्यावरून वेगळे करता येत नाहीत. वर सांगितलेली पडताळणी इथं लागूच पडत नाही. चोरीच्या नीती-अनीतीवर मी बोलत नाहीये, निव्वळ तांत्रिक अडचण सांगतोय. सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा' हे हटकून असतं आणि माणूस ते मुकाट्यानं पाळतो. याच सवयीवर 'क्रॅकोनॉश' नावाचा मालवेअर वाढला. 'जीटीए ५', 'फार क्राय ५', 'द सिम्स ४' अशा गेमच्या क्रॅक प्रतींतून तो शिरायचा, विंडोज सेफ मोडमध्ये नेऊन डिफेंडर उखडायचा आणि तुमच्या यंत्राची ताकद वापरून चोरांसाठी मोनेरो हे डिजिटल चलन कमावत (मायनिंग करत) बसायचा. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं जून २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २,२२,००० हून जास्त यंत्रं आणि २० लाख डॉलरहून जास्त कमाई. सर्वाधिक बाधित देशांत भारत होता. ३१ डिसेंबर २०२४ च्या सुमारास 'बीमएनजी ड्राइव्ह', 'गॅरीज मॉड' या गेमच्या टोरेंटमधून (लोकांनी एकमेकांना वाटलेल्या प्रतींतून) हाच खेळ पुन्हा झाला, तो कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीनं उघड केला.

पेनड्राइव्हवरचा तो गेम कॉपी होतानाच अडला, म्हणजे तुम्ही तो चालवला नाही असं मी धरतोय. मित्राचं ऐकून डिफेंडर बंद ठेवून एकदा जरी चालवला असेल, तर स्कॅन स्वच्छ आला म्हणून थांबू नका. आजचे चोर काही मिनिटांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी नोंद) उचलतात आणि मागे फारसं काही ठेवत नाहीत. लॅपटॉप नेटवरून काढा. फोनवरून, म्हणजे दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक, स्टीम, डिस्कॉर्ड. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा. चोरलेली कुकी वापरणारा पासवर्ड न विचारता आत बसलेला असू शकतो, आणि दोन टप्प्यांची पडताळणीही त्याला अडवत नाही. मग विंडोज नव्यानं टाका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका.

जाता जाता दोन गोष्टी, ज्यांना लोक विनाकारण व्हायरस समजतात. 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' ही निळी खिडकी स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या वेगळ्या पहारेकऱ्याची असते. फाइल अनोळखी आहे इतकंच ती म्हणते, तपासणीत काही सापडलेलं नसतं. आणि गेम चालतो पण सेव्ह होत नाही, असं झालं तर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का बघा. तो डॉक्युमेंट्स फोल्डरात अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही, आणि कितीतरी गेम सेव्ह तिथंच ठेवतात. त्याच्या परवानगीच्या यादीत गेमची एक्सई टाकली की काम होतं. त्यासाठी तपासणीतून सूट द्यावी लागत नाही.

आज रात्रीपुरतं : पेनड्राइव्हवरचा फोल्डर पुसा, मॉड बाजूला ठेवा, प्रोटेक्शन हिस्टरीतला तो पत्ता आणि व्हायरसटोटलच्या पानावरचा एक्सईचा हॅश वहीत उतरवून घ्या. गेम बनवणाऱ्यांना लिहाल तेव्हा आवृत्तीचा क्रमांक, हा हॅश, शेऱ्याचं पूर्ण नाव आणि डिफेंडरच्या व्याख्येची आवृत्ती, एवढं सगळं कळवा. एवढं हातात असलं की त्यांना लगेच शोधता येतं, आणि त्यांच्याकडच्या फाइलचा हॅश तुमच्यापेक्षा वेगळा निघाला, तर ते दोघांनाही ताबडतोब कळेल.